सेवा कोणासाठी?

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २०



परतफेडीची आशा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं दान सात्त्विक, असं भगवंत सांगतात. पण परतफेड म्हणजे फक्त पैसाच का? फोटो, सर्टिफिकेट, लोकांची वाहवा, हीसुद्धा परतफेडच ना!

घानातल्या बोनविरे गावी केंटे विणणाऱ्यांकडे सेवेला जा, नाहीतर आपल्या कोपरगावशेजारी येवल्याला पैठणीच्या मागावर. विणकराला आपण विणणं काय शिकवणार? त्याला हवा रास्त भाव. मग हिशोब लिहून द्या, गिऱ्हाईक जोडून द्या आणि बाजूला व्हा. आपल्यामागे त्याचं नीट चाललं तर ती सेवा. नाहीतर आपलीच हौस.

आज मनाला विचारूया : नाव कुठेच येणार नसेल, तरी मी जाईन का?

जय हरी!