शिष्याची परीक्षा पंगतीत

मराठी मंडळ्यांमध्ये हल्ली शिष्यत्वाचे अभ्यासक्रम चालतात. पहिली पायरी, दुसरी पायरी, प्रत्येक पायरीची पुस्तिका आणि शेवटी प्रमाणपत्र. काही ठिकाणी त्याला गुणाकाराची जोड असते: एकाने बारा शिष्य घडवायचे, त्या बाराजणांनी प्रत्येकी आणखी बारा. वर्षअखेरीच्या अहवालात ‘तयार झालेले शिष्य’ असा एक रकाना असतो आणि तो भरला की काम झाले असे मानले जाते. हे काम करणारी माणसे प्रामाणिक आहेत. पदरमोड करून, उन्हातान्हात खेडोपाडी फिरणारी आहेत. म्हणूनच त्यांच्याशी स्पष्ट बोलले पाहिजे. शिष्य ठरावीक मुदतीत तयार होतो आणि त्याची मोजदाद करता येते, ही कल्पना येशूच्या शुभवर्तमानात कुठेही नाही. ती नंतर आली. वाटेत तिला अनेकांनी अडवले. त्या अडवणाऱ्यांमधला एक माणूस आपल्याच भाषेतला होता, आणि त्याने टाकलेले पाऊल आपण शंभर वर्षे चुकीचे वाचत आलो आहोत.

शुभवर्तमानातला पेत्र आठवून पाहावा. गालीलच्या सरोवराकाठी जाळी टाकून तो निघाला. कैसरिया फिलिप्पीच्या भागात ‘तू ख्रिस्त आहेस’ हे त्यानेच ओळखले, आणि त्यानंतर लगेच ‘सैताना, माझ्यामागे हो’ हे शब्दही त्यालाच ऐकावे लागले. ज्या रात्री त्याने मरेपर्यंत साथ देण्याची शपथ घेतली, त्याच रात्री त्याने तीनदा नाकारले. या आयुष्यात चढत्या पायऱ्या शोधून सापडत नाहीत. पण मला महत्त्वाचा वाटणारा प्रसंग याच्याही पुढचा आहे. पुनरुत्थान झाले, पेंटेकॉस्ट झाला, पेत्र मंडळीचा आधारस्तंभ ठरला. त्यानंतर अंत्युखियात तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही लोक आले आणि त्यांच्या धाकाने तो पंगतीतून उठला. पौलाने त्याला सर्वांसमोर, तोंडावर विरोध केला. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे सगळे आहे. पौलाने त्याला त्याची श्रद्धा विचारली नाही, सेवेची वर्षे विचारली नाहीत. कोणाबरोबर जेवतोस आणि कोणाला पाहून उठतोस, एवढ्यावरच शुभवर्तमानाचे सत्य पणाला लागले होते. शिष्याची परीक्षा कुठे होते, याचे उत्तर मंडळीला पहिल्याच पिढीत मिळाले होते.

पुढची काही शतके ते विसरले गेले नाही. हिप्पोलितच्या नावावर असलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या प्राचीन ग्रंथात बाप्तिस्मा मागणाऱ्याला तीन वर्षे शिकवावे असे सांगितले आहे, पण लगेच पुस्तीही जोडली आहे की मुदतीपेक्षा वागणूक पाहावी. बाप्तिस्म्याआधी त्याच्याविषयी विचारले जाई: याने विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटला का? म्हणजे आधी शिष्य, मग सभासद. ३१३ साली कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली आणि शतक संपता संपता तो साम्राज्याचा धर्म झाला. आता जन्मतःच नाव नोंदले जाऊ लागले. क्रम उलटला: आधी सभासद, आणि जमले तर पुढे शिष्य. ज्यांना ‘जमले तर’ पुरेसे वाटले नाही त्यांनी संन्यस्त जीवनाची वाट धरली. अंतोनी त्या वाटेने वाळवंटात आधीच गेला होता; मग बेनेडिक्ट, मग असिसीचा फ्रान्सिस. थॉमस अ केम्पिसचे पुस्तक याच ओढीतून आले. ल्यूथरने शिष्यत्वाचे हे व्रत मठातून काढून चांभाराच्या आणि मोलकरणीच्या कामात आणले. स्पेनर आणि वेस्ली यांनी घरोघरी लहान गट बांधले. या वाटचालीबद्दल फारसा वाद नाही. शिष्यत्व आणि नोंदवहीतले नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यांतल्या प्रत्येकाला टोचत होते, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

महाराष्ट्रात ही टोचणी फार तीव्र झाली, कारण इथे नोंदवहीला वेगळेच वजन आले. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरात १८३१ मध्ये स्थिरावले. दुष्काळाच्या वर्षांत महार-मांग समाजातून अनेक कुटुंबे मंडळीत आली. नाव नोंदले की शाळा, कधी नोकरी, आणि बसायला समान जागा मिळण्याची आशा. त्या आशेला कोणीही कमी लेखू नये. ज्याला गावाच्या विहिरीवर पाणी नव्हते, त्याच्यासाठी एका यादीत इतरांच्या बरोबरीने नाव असणे हीच मोठी गोष्ट होती. पण त्याबरोबर मिशनचा पगार, मिशनचा बंगला आणि मिशनची मर्जी हेही आले. विश्वासाची वाढ आणि संस्थेतली बढती यांची सरमिसळ होऊ लागली.

पंडिता रमाबाईंनी ही सरमिसळ स्वतःच्या आयुष्यात तोडून दाखवली. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर काही वर्षे त्या तिथल्या धर्मभगिनींशी आणि धर्माधिकाऱ्यांशी पत्रांतून वाद घालत राहिल्या: मी ख्रिस्ताची आज्ञा मानते, पण एका जोखडातून सुटून दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या जोखडात मान देण्यासाठी आलेले नाही. त्यांनी पुढे लिहिलेल्या साक्षीत सांगितले आहे की बाप्तिस्म्यात त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त नंतर सापडला. त्याला जवळजवळ आठ वर्षे लागली. आजच्या अहवालाच्या हिशेबाने त्या १८८३ सालीच ‘तयार’ होत्या.

आता ना. वा. टिळक. मराठी वाचकाला ते फुलामुलांचे कवी म्हणून, ‘ख्रिस्तायना’चा आरंभ करणारे म्हणून ठाऊक आहेत. १८९३ च्या आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ही कथाही सर्वांना माहीत आहे. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादनही त्यांनी केले. मग १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास स्वीकारला, साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला: ख्रिस्ताच्या शिष्यांचा बंधुसंघ, बाप्तिस्मा घेतलेल्यांचा आणि न घेतलेल्यांचाही.

याच पावलाचा अर्थ आपण चुकीचा लावतो. जो तो लिहितो की टिळकांनी ख्रिस्ती धर्माला भारतीय वेश दिला: कफनी आली, भजन आले, कीर्तन आले, गुरू-शिष्य आले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे टिळक म्हणत, हे वाक्य अशा लेखांत हमखास येते. हे सगळे खरे आहे, पण त्यातले भजन-कीर्तन १९१७ च्या आधीचे आहे. टिळकांची भजने मंडळ्यांत गायिली जाऊन तोवर कित्येक वर्षे झाली होती, आणि मिशनऱ्यांना त्यांचे कौतुकच होते. केवळ वेश हवा असता तर नोकरी सोडायची गरज नव्हती. दुसरे वाचन असे, की टिळकांनी हिंदू मित्रांसाठी दार थोडे सैल केले, बाप्तिस्म्याची अट काढून शिष्यत्व स्वस्त केले. हे पहिल्यापेक्षाही चुकीचे आहे. ज्याने स्वतः १८९५ मध्ये बाप्तिस्म्यासाठी बायको, मूल, सगेसोयरे आणि जात पणाला लावली, तो बाप्तिस्मा क्षुल्लक मानील हे संभवत नाही.

माझ्या मते टिळकांनी उलटलेला क्रम पुन्हा सुलटा केला. शिष्यत्व हे सभासदत्वाच्या पुढचे पान नव्हे, ते पहिले पान आहे, हे त्यांनी आपल्या आयुष्याच्या किमतीने सांगितले. १८९३ ते १८९५ या दोन वर्षांत ते स्वतः बाप्तिस्मा न घेतलेले शिष्यच होते. दरबाराचे म्हणणे बाहेरच्या हिंदूंना उद्देशून होते त्याहून जास्त आतल्या ख्रिस्ती लोकांना उद्देशून होते: तुमचे नाव वहीत आहे, पगार मिशनचा आहे, पण तुम्ही कोणाच्या मागे चालता? म्हणून त्यांनी सर्वांत आधी स्वतःचा पगार सोडला. दार रुंद केले आणि आतली वाट अरुंद केली. आपण रुंद दार तेवढे पाहिले.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मोठा आहे. बाप्तिस्म्याशिवाय शिष्य राहण्याची मुभा कोणाला परवडते? ज्याची जात त्याला सांभाळते त्याला. ब्राह्मण घरी बसून ख्रिस्ताचे ध्यान करील, डोंगरावरील प्रवचन वाचून डोळे पुसेल आणि संध्याकाळी आपल्याच जातीच्या पंगतीला बसेल. महारवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाला नोंदवहीतले नाव, शाळेचा दाखला आणि दफनाची जागा हवी असते. त्याच्यासाठी मंडळी ही सोय नसून आसरा आहे. धर्मांतरितांच्या स्थितीविषयी लिहिताना डॉ. आंबेडकरांनी नेमका हाच प्रश्न विचारला की चर्चमध्ये आल्यावर जात गेली का. त्यांचे उत्तर चर्चला लाजवणारे होते. तेव्हा नोंदवही नको म्हणणाऱ्याने आधी जातीचे काय ते सांगावे.

या आक्षेपाचे उत्तर टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात अधिक स्पष्ट मिळते. नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांचा १९०० चा. मधल्या पाच वर्षांत त्या आधी दूर राहिल्या, मग टिळकांकडे परत आल्या तरी सोवळे-ओवळे सांभाळून राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना आपण त्यांच्या विनोदावर लुब्ध होतो आणि त्यातला निर्णायक भाग झरझर वाचतो. देवाने माणसे केली आणि जाती माणसांनी केल्या, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला आणि दुसऱ्याच्या हातच्या पाण्याचा विटाळ गेला. हे बाप्तिस्म्याच्या आधी घडले. कोणत्याही वर्गाने ते घडवले नाही, कोणत्याही पुस्तिकेत त्याची पायरी नव्हती. अंत्युखियात पेत्र ज्या पंगतीतून उठला, त्या पंगतीला लक्ष्मीबाई येऊन बसल्या. शिष्यत्वातली वाढ कशी ओळखावी, असे कोणी विचारले तर मी याच पाच वर्षांकडे बोट दाखवीन. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ज्याची पंगत बदलली नाही तो शिष्य झालेला नाही. ही कसोटी ब्राह्मण शिष्याला सोडत नाही आणि जुन्या मंडळीलाही सोडत नाही.

दरबार मात्र टिकला नाही. टिळक मे १९१९ मध्ये गेले आणि त्यांच्याबरोबर तोही सरला. तो एका माणसाच्या तेजावर उभा होता, हा त्याचा दोष मान्य केला पाहिजे. इंग्रज मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले आणि ‘ख्रिस्त सेवा संघ’ही काढला. काही ठिणग्या तिथे राहिल्या.

पण विसाव्या शतकात जिंकली ती दुसरीच कल्पना, आणि तीही याच भूमीवरून गेली. मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म १८९७ मध्ये दमोहचा. मध्य प्रांतात आणि छत्तीसगडात त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे काढली. १९५५ मध्ये त्यांचे ‘द ब्रिजेस ऑफ गॉड’ हे पुस्तक आले. मिशनच्या कंपाउंडमध्ये एकेकटा माणूस आपल्या गोतापासून तुटतो आणि मिशनरीचा आश्रित होतो, हे त्यांचे निदान टिळकांच्या निदानाशी जुळणारे होते. उपाय मात्र निराळा होता. आधी अख्खे समूह ख्रिस्ताकडे वळवावेत, याला त्यांनी शिष्य करणे म्हटले. त्यांच्या वागणुकीची घडण हा नंतरचा टप्पा. लोकांना आपल्या जाती-वर्गाच्या सीमा न ओलांडता ख्रिस्ती होणे आवडते, असे त्यांनी पुढे सूत्रच मांडले. स्वतः मॅकगॅव्हरन यांना दुसरा टप्पा हवा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पहिला टप्पा मोजता येतो आणि दुसरा येत नाही. अहवाल पहिल्यावर थांबला. पौलाने पेत्राला ज्या गोष्टीसाठी चारचौघांत अडवले, ती गोष्ट ‘नंतर पाहू’ या खात्यात गेली. आज आपल्या अभ्यासक्रमांत, बाराच्या गुणाकारात आणि रकान्यांत जे दिसते ते याच पुढे ढकलण्याचे फळ आहे. धर्मांतराच्या वादात विरोधकही तोच रकाना उघडतात. किती आले हे दोघेही विचारतात, आलेल्या माणसाचे काय झाले हे कोणीच विचारत नाही.

धर्मशास्त्रज्ञ बोनहोफर यांनी १९३७ मध्ये जर्मनीत ‘स्वस्त कृपे’विरुद्ध, म्हणजे शिष्यत्वावाचून मिळवू पाहिलेल्या कृपेविरुद्ध, लिहिले आणि १९४५ मध्ये फाशी जाऊन त्याची किंमत चुकवली. त्यांचा उल्लेख आपल्या प्रवचनांत वारंवार होतो, तो व्हावाच. पण आपल्याकडच्या स्वस्त कृपेचे नाव जात आहे, आणि त्याविषयी बोलायला जर्मनीपर्यंत जाण्याची गरज नाही.

पाळकांना आणि शिष्यत्वाचे वर्ग घेणाऱ्या बंधुभगिनींना माझी विनंती आहे. वर्ग चालू ठेवा, वचन शिकवा, लहान गट बांधा. अहवालातला तो रकाना तेवढा काढून टाका. त्याऐवजी वर्षातून एकदा प्रत्येकाने स्वतःला विचारावे: मागच्या वर्षी ज्याच्या घरी मी जेवत नव्हतो, त्याच्या घरी यंदा जेवलो का? मुलामुलीचे लग्न जमवताना मी कोणती घरे आधीच गाळली? ज्या मंडळीत या प्रश्नांची उत्तरे दरवर्षी तीच राहतात, तिथे सभासद वाढत असतील, शिष्य वाढत नाहीत.