मातेस विचारावयाचा प्रश्न

कन्हानकडील खाणवस्त्यांत व खेड्यांत मोहाची दारू नवी नाही. ती गरोदर स्त्रीच्या पोटात गेली म्हणजे नाळेवाटे गर्भात उतरते आणि त्याच्या मेंदूस जन्माची इजा करू शकते. अमेरिकेतील सिॲटल येथे जोन्स व स्मिथ ह्या वैद्यांनी १९७३ साली ह्या विकारास नाव दिले. डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ, नाकाखालची खोबण सपाट, वाढ खुंटलेली, ही त्याची लक्षणे होत. परंतु पुष्कळ मुलांचा चेहरा काहीच सांगत नाही, आणि रक्त तपासूनही निदान होत नाही. तेव्हा मातेस विचारणे भाग पडते.

येथेच आपल्या धर्मबुद्धीची कसोटी आहे. प्रश्नास आरोपाचा सूर लागला, तर माता भयाने सत्य लपवील, आणि मूल मठ्ठ व हट्टी ठरून मार खाईल. जन्मांधाविषयी शिष्यांनीही पाप कोणाचे, असेच विचारिले. प्रभूने तो हिशेब मांडिला नाही. तस्मात्, बंधुभगिनींनो, अवश्य विचारा, परंतु न्यायाधीश होऊन नव्हे. आणि घरात बाटली कोणी आणिली, हेही विसरू नका. झालेली इजा भरून येत नाही. पण ती वेळीच ओळखिली, तर त्या मुलास शिकविण्याची रीत बदलता येते, व पुढचे लेकरू वाचविता येते.