येते

आपल्या भाषेत घरातून निघणारे माणूस 'जाते' असे म्हणत नाही. उंबऱ्यात चपला चढवता चढवता ते 'येते हं' म्हणते, आणि आतले माणूस हातातले काम न सोडता 'ये' म्हणते. लहानपणी एकदा शाळेला उशीर झाला म्हणून मी घाईघाईत 'आई, जाते ग!' असे ओरडले, तर आई पोळपाट सोडून बाहेर आली. तिने मला मागे बोलावले, पाटावर बसवले, दोन घोट पाणी प्यायला लावले आणि 'आता म्हण नीट' असे म्हणून मग सोडले. पुष्कळ वर्षे मी ही गोष्ट आईच्या भाबडेपणाची म्हणून सांगत असे. आता तशी सांगत नाही. निघणाऱ्याने मागे राहणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवून निघावे, त्याला रिकाम्या हाताने दारात उभे करू नये, एवढेच त्या शब्दाचे मागणे आहे.

पण ज्याला हा शब्द समजतच नाही, त्याच्या हातावर काय ठेवायचे?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो २०२४ च्या दिवाळीत. मुलगी म्युनिकला असते. तिला डिसेंबरात बाळ होणार होते. तिकडच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. ते नव्वदच्या नव्वद दिवस राहायचे असे ठरले. डिंक, अळीव, दुपटी, झबली अशी यादी झाली. यादी संपल्यावर आमचे हे चष्मा काढून म्हणाले, "आणि यांचं काय?"

यांचे म्हणजे मांजरांचे. ठकी चौदा वर्षांची, जिना चढताना मध्ये एकदा थांबून विचार करणारी. भागा काळी, कागदावर बसण्याची आवड असलेली. पोस्टाने आलेले कोणतेही पत्र आधी तिच्याखाली जाते. बंड्या नावाप्रमाणे. शिवाय एक चौथा आहे. अर्धा कान गेलेला बोका, रात्री साडेआठला जिन्यात येऊन बसतो, खातो आणि जातो. त्याला आम्ही नाव ठेवलेले नाही, नुसते 'पाहुणे' म्हणतो. तो आमचा नाही, असे आम्ही सोसायटीतल्या सर्वांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत.

पहिला विचार अर्थात तिघांना बरोबर नेण्याचा. मुलीने चौकशी करून कळवले. युरोपात एका प्रवाशाला पाचपर्यंत जनावरे नेता येतात, तेव्हा संख्येची अडचण नव्हती. पण भारतातून न्यायची तर आधी कातडीखाली मायक्रोचिप बसवायची, मग रेबीजची लस टोचायची, लशीनंतर निदान ३० दिवसांनी रक्त काढून मान्य प्रयोगशाळेत तपासून घ्यायचे, आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचे. नव्वद दिवसांच्या मुक्कामासाठी चार महिन्यांचे सोवळे! परत येताना आपल्या सरकारची परवानगी निराळी. बाळ काही तोवर थांबणार नव्हते.

नियमांनी माझी सुटका केली असे मी चारचौघांत म्हणत असे. पण नियम नसते तर मी त्यांना नेले असते का, आणि न्यायला हवे होते का? मांजर भिंतीच्या कोपऱ्याला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पोटरीला गाल घासत फिरते, ते काही नुसते लाडाने नव्हे. आपला वास ती जागोजाग लावून ठेवते, आणि त्या वासाच्या आत तिचे जग सुरक्षित असते. ते जग पिशवीत घालून विमानात चढवता येत नाही. नव्या जागी तिला कित्येक दिवस पलंगाखाली काढावे लागतात. जरा सरावते तोच परतीची टोपली पुढे येते. मग तिला बरोबर न्यायचे ते कोणासाठी? माझा स्वतःचा संशय असा आहे की बरोबर नेणे हे पुष्कळदा तिच्या विरहावरचे औषध नसते, आपल्या विरहावरचे असते.

गंमत अशी की माणसाच्या आणि मांजराच्या सोबतीचा जो फार जुना पुरावा सापडला आहे, तो प्रवासाचाच आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाच्या सांगाड्यापासून अवघ्या ४० सेंटिमीटरांवर आठ महिन्यांच्या मांजराचा सांगाडा मिळाला. २००४ साली संशोधकांनी ते जाहीर केले. त्या बेटावर मुळात मांजरे नव्हती. म्हणजे समुद्र ओलांडून कोणीतरी त्यांना होडीतून आणले होते. मी ही हकीकत ठकीला टोपलीत बसवण्याचा सराव करताना यांना सांगितली. हे हातावरच्या ओरखड्यांना हळद लावत म्हणाले, "त्या होडीवाल्याचे हात कोणी पाहिलेत?"

आपल्याकडे मांजराच्या प्रवासावरून एक सबंध वाद झालेला आहे. रामानुजांच्या अनुयायांत पुढे दोन मते पडली. एक म्हणते, भक्ताने देवाला धरून ठेवावे, माकडाचे पोर आईच्या पोटाला धरते तसे. दुसरे म्हणते, काही धरायला नको. मांजर पिल्लाला मानगुटीला धरून नेते तसा देव भक्ताला नेतो. मार्जारन्याय तो हाच. दृष्टांत सुंदर आहे, पण तो पिल्लाचा आहे. चौदा वर्षांच्या मांजरावर तो कोणी लावून पाहिलेला दिसत नाही. तिला धरणाऱ्या हातावर तिची श्रद्धा असते ती पायरीपर्यंत. आणि आपण देव नसल्यामुळे तिचे तरी काय चुकले?

तेव्हा नेणे नाही, ठेवणे. नणंदेने ठाण्याहून एक मांजर घ्यायची तयारी दाखवली. पण तिघांना तीन घरी वाटायचे हे मनाला येईना. शहराबाहेर जनावरांची सोय करणारे एक ठिकाण पाहून आलो. जागा स्वच्छ होती, माणसे वाईट नव्हती. पण एकावर एक पिंजरे, आणि भिंतीपलीकडे कुत्र्यांचे भुंकणे. एका मांजरामागे दिवसाला ५०० रुपये. परतताना रिक्षात यांनी हिशेब केला: नव्वद दिवस, तीन मांजरे, १,३५,००० रुपये. आकड्याने मी गप्प झाले असे यांना वाटले. मी गप्प झाले होते ती एका वेगळ्याच मांजराच्या आठवणीने.

१९६६ साली माझ्या वडिलांची वाईहून जळगावला बदली झाली. मी नऊ वर्षांची होते. आमच्या घरी एक पांढरी मांजर होती. तिला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडावे असे कोणी सुचवले, ते वडिलांना पटले नाही. म्हणून तिला तिथेच ठेवले. ट्रकमध्ये सामान चढल्यावर आईने ओट्यावर दूधपोळीची वाटी ठेवली आणि आम्ही निघालो. तीनेक महिन्यांनी शेजारच्या काकूंचे पोस्टकार्ड आले. आईने ते मोठ्याने वाचून दाखवले. पुढे कधीतरी ते माझ्या हाती लागले, तेव्हा पावसापाण्याच्या आणि लग्नाच्या बातम्यांमध्ये आईने गाळलेली एक ओळ मला दिसली. मांजर अजून ओट्यावरच बसते, बोलावले तरी आमच्याकडे येत नाही, असे काकूंनी लिहिले होते.

माझे आईवडील निर्दय नव्हते. त्यांना कारण होते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा त्यापूर्वीच, १९६० साली, झाला होता. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यासाठी राज्यसभेत किती झटून काम केले ते सर्वश्रुत आहे. उपासमार होईल अशा स्थितीत जनावराला सोडून देणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला, पण सबळ कारण नसेल तरच. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. रकमेला हसू येते, पण माझे लक्ष अडते ते 'सबळ कारण' या शब्दांपाशी. बदली, बाळंतपण, लग्न, आजार: सोडून जाणाऱ्या कोणाजवळ कधी सबळ कारण नव्हते? कारण जाणाऱ्याला कळते. ओट्यावर बसलेल्याला फक्त बंद दार कळते.

अशा वेळी आपल्याला हटकून युधिष्ठिर आठवतो. स्वर्गाच्या दाराशी इंद्र रथ घेऊन आला, कुत्र्याला जागा नाही म्हणाला, आणि युधिष्ठिराने चढायचे नाकारले. भाऊ आणि द्रौपदी यांना वाटेत टाकून आलास, मग कुत्र्याचे काय एवढे, असे इंद्राने विचारले, तेव्हा त्याचे उत्तर असे होते की ते मेले होते. जिवंतपणी मी त्यांना सोडले नाही. कीर्तनात ही कथा निष्ठेची म्हणून सांगतात. मला तिच्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तो कुत्रा युधिष्ठिराचा नव्हता. त्याने तो पाळला नव्हता, त्याला नाव ठेवले नव्हते. हस्तिनापुराहून निघताना तो आपणहून मागे लागला, एवढेच. युधिष्ठिर 'हा माझा नाही' असे म्हणाला असता तर ते अक्षरशः खरे ठरले असते. मात्र एक बाब युधिष्ठिराला सोपी गेली. कुत्रा मागे येत होता. त्याला न सोडणे म्हणजे त्याच्यासाठी थांबणे. मांजर मागे येत नाही. ती जिथल्या तिथे राहते, आणि तिला न सोडता सोडून जायचे कसे, हे महाभारतात सांगितलेले नाही.

वाट दाखवली ती आमच्याकडे अकरा वर्षे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी. "काकू, एवढं काय त्यात? मी येईन की दोन्ही वेळेला." मग कणीक मळता मळता, माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "रात्रीचं पोरीला घेऊन इथंच झोपले तर चालंल का? दहावीचं वर्ष आहे तिचं. आमच्या खोलीत पाच माणसं, दिवा लावून वाचायला होत नाही."

मी लगेच हो म्हणाले नाही. मांजरांच्या सोयीसाठी अर्धे पुणे पालथे घातलेली मी, तिच्या मुलीच्या सोयीचा प्रश्न आल्यावर 'यांना विचारून सांगते' म्हणाले. आणखी एक सांगून टाकते. बाईंना द्यायचे म्हणून मी मनात महिन्याला तीन हजार धरले होते. पिंजऱ्यांचा हिशेब लाखाच्या पुढे गेला तेव्हा तो मला महाग वाटला होता, अन्यायाचा वाटला नव्हता. तीनाचे दहा हजार केले. सोसायटीत 'कामवाल्यांना फ्लॅट दिला' अशी कुजबुज झाली, ती यांनी मीटिंगमध्ये सरळ बोलून मिटवली. आणि तरीही निघायच्या आदल्या रात्री मी कपाटाला कुलूप घातले. किल्ली म्युनिकपर्यंत माझ्या पर्समध्ये होती. जिवंत असलेले सगळे मी त्या मायलेकींवर सोपवले आणि चांदीची ताटे मात्र बंद करून ठेवली.

सूचनांचा कागद मुलीच्या हाती दिला. कोण काय खाते, ठकीची गोळी कशात मिसळायची, डॉक्टरांचा फोन. मांजर दोनतीन दिवस उपाशी राहिली तर यकृताला धोका होतो, म्हणून एक दिवस कोणी जेवले नाही तर मला फोन आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना, असे लाल शाईने लिहिले. माझी वापरलेली चादर न धुता पलंगावर तशीच ठेवली. वासापुरती तरी मी घरात असावे म्हणून. दारात 'येते हं' म्हणाले. मुलगी 'या' म्हणाली.

म्युनिकला नात झाली. बर्फ पडत होते आणि मी आनंदात होते. मांजरांची आठवण दिवसदिवस होत नसे, हे लपवण्यात अर्थ नाही. एकदा व्हिडिओवर मुलीने ठकीला उचलून फोनपुढे धरले. मी "ठके, अग ठके" अशी हाक मारली. तिने फोनकडे पाहिले नाही. तिने दाराकडे पाहिले, आणि मुलीच्या हातातून उतरून दाराशी जाऊन बसली. त्यानंतर मी तिला माझा आवाज ऐकवू दिला नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस परतलो तेव्हा मुलीचे पेपर चालू होते. ते संपेपर्यंत दोघी राहिल्या. ठकीने माझ्या पायांचा वास घेतला आणि ती निघून गेली. तिसऱ्या रात्री उशाशी आली. भागा मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकावर बसलेली होती, ती मला पाहून उठली नाही. मला ते बरे वाटले, आणि थोडे लागलेही.

मुलीने एक वही ठेवली होती. तारीख, कोण किती जेवले, कोणाला उलटी झाली, असे रेघा आखून लिहिलेले. माझ्या कागदावर तीन नावे होती. वहीत चार रकाने होते. चौथ्यात 'पाहुणे' असे लिहून पुढे बरेच दिवस 'जेवले'. आणि २७ डिसेंबरपासून रोज, एकही दिवस न चुकता, 'आले नाहीत'.

"काकू, मी ताटली रोज ठेवत होते," ती म्हणाली. "माझं काही चुकलं का?"

तिचे काही चुकले नव्हते. मी तसे तिला सांगितले. त्याला मी कागदावर घेतलेच नव्हते, हे सांगितले नाही.

आता नातीच्या पहिल्या वाढदिवसाला या, असा लेकीचा आग्रह आहे. मुलगी अकरावीत गेली. 'पुन्हा जाणार असाल तर मी येईन' असे तिने आपणहून सांगून ठेवले आहे. ठकी आता जिन्यात दोनदा थांबते. हे रोज तिकिटांचे भाव पाहतात. मी अजून हो म्हटलेले नाही. साडेआठला जिन्यात ताटली ठेवते; सकाळी तिला मुंग्या लागलेल्या असतात, ती धुऊन आत घेते.