जीर्ण की कालबाह्य?

परंड्याच्या भुईकोटातली मुलूख-मैदान तोफ १६३२ मध्ये विजापूरला नेण्यात आली. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टनांची ही तोफ आजही विजापूरच्या बुरुजावर आहे. कंपनी सरकारच्या अमदानीत, १८५४ साली तिचा लिलाव पुकारला गेला तेव्हा बोली जेमतेम १५० रुपयांपर्यंत चढली आणि विक्री रद्द झाली. तोफेचे बिघडले काय होते? धातू तोच, वजन तेच. बदलली होती ती लढाई. म्हणजे वस्तू दोन तऱ्हांनी संपते: एकतर वापरून झिजते, नाहीतर स्वतः धडधाकट राहते आणि तिचे कामच उरत नाही. पहिली जीर्ण, दुसरी कालबाह्य. आपण दोन्हींना ‘जुनी झाली’ म्हणून मोकळे होतो. रूढी आणि आचारांच्या बाबतीत हीच गफलत महागात पडते.

आपल्या परंपरेने या दोन मरणांसाठी दोन वेगळे शब्द घडवले आहेत. झिजलेल्या देवळासाठी जीर्णोद्धार, आणि ज्या आचारांचे युग सरले त्यांच्यासाठी कलिवर्ज्य. नियोग (संततीसाठी नवऱ्याऐवजी दुसऱ्या पुरुषाशी संबंध), मधुपर्कातला म्हणजे पाहुण्याच्या सत्कारातला पशुवध, वाटणीत थोरल्या मुलाला जादा हिस्सा हे एकेकाळी शास्त्रसंमत असलेले आचार धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी कलियुगात वर्ज्य ठरवले. ते वापरून झिजले, असे कोणी म्हटले नाही. उलट तुळजापूर पाहा. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर देवी कोजागिरीपर्यंत पलंगावर श्रमनिद्रा घेते. तो पलंग दरवर्षी नवा येतो, पालखीही नवी. लाकूड कुरकुरायच्या आतच बदलले जाते, कारण देवीने विसावावे ही भक्ताची भावना जिवंत आहे. यातून एक साधी कसोटी निघते. डागडुजी केल्यावर जी गोष्ट पुन्हा लोकांच्या खांद्यावर चढते, ती नुसती जीर्ण होती. जी नवीकोरी करूनही कोपऱ्यात पडून राहते, ती कालबाह्य होती.

यावर कोणी म्हणेल, सगळेच अनित्य आहे. मग कशाने संपले याची चिकित्सा कशाला? मरण टळत नाही हे खरेच, पण उपचार निदानावर ठरतो. दुसरा आक्षेप तेर या गावाचा दाखला देईल. तिथले विटांचे, गजपृष्ठाकार त्रिविक्रम मंदिर मूळचे बौद्ध चैत्य असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. उपासना बदलली, वास्तू राहिली. मग कालबाह्य काय झाले? माझ्या मते हा दाखला मुद्द्याला बळच देतो. कालबाह्यता विटेत नसते, विटेच्या कामात असते. म्हणून काम बदलले की वास्तू पुन्हा नांदू लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. कलिवर्ज्य ही सोयीची पळवाट नव्हे काय? ‘आता चालत नाही’ म्हटले की ‘तेव्हाही चूक होते’ हे कबूल करावे लागत नाही. शिवाय यादी करणारा आपल्या सोयीने काहीही वर्ज्य ठरवू शकतो. द्विजांचा समुद्रप्रवासही याच यादीत बसला आणि पुढे विलायतेहून परतणाऱ्यांना प्रायश्चित्ताच्या वादात अडकवत राहिला. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून जीर्ण आणि कालबाह्य यांच्या शेजारी तिसरा रकाना हवा: मुळातच अन्याय्य. अस्पृश्यता झिजली नव्हती, तिचे युगही आपोआप सरले नव्हते; राज्यघटनेच्या १७व्या कलमाने ती नष्ट केली. तिला कालबाह्य म्हणणे म्हणजे कधीतरी ती योग्य होती, असे मागच्या दाराने मान्य करणे. तेव्हा कोणताही आचार टाकताना वा टिकवताना आधी त्याचा रकाना ठरवावा. जीर्ण असेल ते दुरुस्त करावे, कालबाह्य असेल त्याला मानाने निरोप द्यावा, आणि जे मुळातच अन्याय्य होते त्याला काळाचे निमित्त देऊ नये.