जीर्ण भाग आणि वस्तूचे एकत्व

जुन्या बुलेट मोटारसायकलचे मागील दोन्ही शॉकअ‍ॅब्सॉर्बर स्प्रिंगांसह बदलल्यावर गाडी तीच राहते का, हा प्रश्न अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि संपूर्ण वस्तू, यांच्या संबंधाविषयीच्या प्राचीन वादाशी निगडित आहे. स्प्रिंग भार पेलते, तर तिच्या आतील नळीतले तेल बारीक छिद्रांतून जाताना हेलकाव्यांची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. सील झिजून तेल गळू लागले की ही जोडी बदलणे अटळ ठरते. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी अवयवांहून भिन्न असून त्यांत समवायाने, म्हणजे नित्य संबंधाने, राहतो आणि म्हणून अवयव बदलताच नवा अवयवी उत्पन्न होतो. उलट ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन रथाच्या उदाहरणाने असे प्रतिपादन करतात की ‘रथ’ हे भागांच्या आधारे रूढ झालेले केवळ व्यवहारनाम आहे. तथापि बौद्धांनी मानलेली संतती, म्हणजे कार्यकारणांची अखंड मालिका, दुरुस्तीने खंडित होत नाही. तिच्यामुळेच गाडीचे व्यवहारापुरते एकत्व टिकते आणि ती मालिका पुढे चालू राहावी म्हणून जीर्ण भागाचा वेळीच केलेला त्याग हे त्या वस्तूविषयीचे कर्तव्यच ठरते.