ऐंशी रकान्यांचा वारसा

बेळगावच्या टिळकवाडीत खोली घेऊन राहणारी इंजिनिअरिंगची मुलं बहुधा चौदा-पंधरा इंची लॅपटॉपवरच कोड लिहितात. पडद्याच्या एका अर्ध्यात आपला कोड, दुसऱ्यात मित्राचा. अर्ध्यात न मावणारी ओळ वाचायची तर आडवं सरकवत बसावं लागतं. ओळीची कमाल लांबी ठरवायची तर आधी हा अर्धा पडदा बघावा, असं माझं मत आहे.

ओळीच्या हद्दीचा 80 हा रूढ आकडा मात्र पडद्यातून आलेला नाही. आयबीएमने 1928 मध्ये 80 रकान्यांचं पंच कार्ड काढलं. फोरट्रानमध्ये विधानाला 7 ते 72 एवढेच रकाने मिळत. शेवटच्या आठांत कार्डाचा अनुक्रमांक, म्हणजे गठ्ठा हातातून सांडला तरी पुन्हा लावता यावा. 1978 चं व्हीटी100 टर्मिनलही नेहमीच्या वापरात 80 रकान्यांचंच. कार्डं गेली, टर्मिनलं गेली, आकडा राहिला. पायथॉनची शैली-नियमावली पेप 8 आजही 79 सांगते. लिनक्स कर्नेलच्या तपासणी स्क्रिप्टने 2020 मध्ये इशाऱ्याची हद्द 100 वर नेली.

जुना आहे म्हणून आकडा मोडीत काढावा असं नाही. ओळ लांबली की बऱ्याचदा दुखणं वेगळंच असतं: एकाच्या पोटात एक अशा चार-पाच अटी. तिथे ओळ तोडून भागत नाही, फंक्शन वेगळं काढावं लागतं. उलट, हद्द फारच आवळली की मुलं नावं छाटतात. ‘अटेंडन्सपरसेंटेज’चं ‘अटपर’ होतं, आणि महिन्याभराने लिहिणाऱ्यालाच ते कळत नाही! म्हणून मी 100 च्या बाजूचा. त्यातही एरर मेसेज तोडू नयेत. तुकडे केले की तो मजकूर शोधूनही सापडत नाही.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. कोडमधली टिप्पणी मराठीत लिहिली, तर मोजायचं काय? ‘विद्यार्थी’ आपण तीन अक्षरी वाचतो. काना, वेलांटी, हलन्त सुटे धरून पायथॉन त्याची लांबी दहा सांगतो, आणि यूटीएफ-8 मध्ये हा शब्द तीस बाइट खातो. बाइट मोजणाऱ्या साधनाची 100 ची हद्द मराठीत तेहतीस चिन्हांतच संपते. बेळगावात कुणी टिप्पणी कन्नडमध्ये लिहिली तरी चिन्हामागे तीन बाइट हा हिशोब तोच. तेव्हा आपलं साधन नेमकं काय मोजतं ते आधी पाहावं. तोवर टिप्पण्यांना हद्दीतून सूट द्यायला माझी हरकत नाही.