पाण्याकाठचा मुक्काम आणि आपले उत्तरदायित्व

मासा गळाला लावावा, त्याचे वजन करावे आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यावे, याला दया म्हणावे की केवळ क्रीडा? सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या, संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध असलेल्या शेंदूरजनाघाटासारख्या गावी हा प्रश्न कुणाला दूरचा वाटेल. परंतु बागा जगविण्यासाठी जेथे जमिनीत खोल खोल जावे लागते, तेथे पाण्याविषयीचा कोणताच प्रश्न परका नसतो. म्हणूनच आम्ही तो येथे विचारार्थ घेत आहोत.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुढे मेळघाटच्या अरण्यात वनखात्याची विश्रामगृहे झाली. सिपना नदीच्या वळणावरील कोलकासचे विश्रामगृह आजही प्रवाशांना भुरळ घालते. १८७३ साली हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातील अधिकाऱ्याचे हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि महसीरची कीर्ती साहेबलोकांत पसरली. भोई ज्या नदीत पोटासाठी जाळे टाकीत होता, तिच्याच काठी आता विरंगुळ्यासाठी तंबू पडू लागले. आणि देहूला इंद्रायणीच्या डोहात भाविक याच जातीच्या माशांना खाऊ घालीत. भूक, खेळ आणि भक्ती: एकाच माशाशी माणसाची ही तीन नाती.

स्वातंत्र्योत्तर काळात यांपैकी खेळाचे नाते कावेरीकाठी विशेष बहरले. भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमकळी येथे शिबिरे उभी राहिली. पकडलेला मासा सोडून देण्याचा तेथे दंडक होता. सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांवर शिबिरांमुळे वचक बसला, गावकऱ्यांना रोजगार मिळाला. २०१०च्या सुमारास वन्यजीव कायद्याच्या आधारे अभयारण्यातील हा खेळ बंद झाला.

येथवर निवाडा सोपा वाटतो. परंतु लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महसीरची पैदास आरंभिली होती. नाहीशी होत चाललेली जात वाचावी, हा हेतू निर्मळच होता. तेथील पिले इतर राज्यांतल्या नद्यांत सोडण्यात आली. कावेरीतही आली आणि वाढली. मात्र कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर हटत गेला. शिबिरांतील मच्छीमारांनी ठेवलेल्या नोंदींवरूनच हा ऱ्हास अभ्यासकांच्या ध्यानी आला. २०१८ साली त्या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली, तोवर तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोहोचला होता.

मग दोष कुणाचा? दुष्टाचा नव्हे, हेच येथे विचार करायला लावणारे आहे. आम्हांस वाटते, हेतूची शुद्धता ही नीतीची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. हातातला एक मासा सोडून दिला म्हणजे नदीचे देणे फिटत नाही. ज्याचे भले करायचे त्याला आधी ओळखले पाहिजे. ओळखीवाचून केलेला उपकार परक्याच्या घरात शिरून केलेल्या आवराआवरीसारखा ठरतो. आणि ज्या नोंदींनी चूक उघड केली, त्या प्रामाणिकपणे ठेवणाऱ्यांचे श्रेयही नाकारता येत नाही. आपल्या कृतीचा हिशेब लिहून ठेवणे हाही विवेकाचाच एक भाग आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात तिबेरियाच्या सरोवराकाठी पुनरुत्थित प्रभू निखाऱ्यांवर मासळी भाजून शिष्यांची वाट पाहतात. रात्रभर राबलेल्यांना प्रथम न्याहारी, मग पेत्राला मेंढरे राखण्याची आज्ञा. त्या काठावर भोजन आणि जबाबदारी एकत्रच मिळाली.

सिंभोऱ्याला वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. अशा पाण्याकाठी सहलीला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी मुलांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: या पाण्यावर कुणाची चूल पेटते? आणि या पाण्यात मुळापासून कोण राहत आले आहे? उत्तर ठाऊक नसेल तर काठावरच्या भोयाला विचारावे. विरंगुळ्याला आमचा विरोध नाही. पाहुण्याने यजमानाची विचारपूस करावी, इतकेच आमचे म्हणणे.